भट्टीमामांची बहीण

इस्पितळात कामाला असलेली बाई म्हणजे मावशी आणि पुरुष म्हणजे मामा. नाव कुणी विचारत नाही, हाक मारली की झालं. या इस्पितळात मात्र ती हाक एका जोडीपुरती खरीच निघाली होती. लॉण्ड्रीतली मावशी आणि बॉयलर चालवणारे भट्टीमामा हे सख्खे बहीणभाऊ. "आपल्या सगळ्यांचं आजोळ मागच्या आवारात आहे," असं एक्स-रे काढणारा म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचा.

लॉण्ड्री आणि बॉयलरघर यांच्यामध्ये एकच भिंत. अलीकडे मावशीची धुलाईची मोठाली यंत्रं, पलीकडे तिच्या दादाचा, म्हणजे भट्टीमामांचा, बॉयलर. ती भिंत सदा कोमट असायची. थंडीच्या दिवसांत वॉर्डातल्या आया काहीतरी निमित्त काढून यायच्या आणि तिला पाठ लावून उभ्या राहायच्या.

आई-वडील एकापाठोपाठ एक गेले तेव्हा मावशी इतकी लहान होती, की तिला आईचा चेहराही नीट आठवायचा नाही. दादाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. शाळा सोडून तो बॉयलरवर मदतनीस म्हणून चिकटला. सकाळी कामावर निघण्याआधी तो तिच्या वेण्या घालायचा, त्याही एक वर, एक खाली. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "ये, मी सारख्या करून देते," पण ती डोकं आवळून धरायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. पुढे दादाने अभ्यास करून बॉयलर चालवायचा परवाना मिळवला आणि तिचं लग्न लावून दिलं. नवरा मिळाला तो घड्याळं दुरुस्त करणारा. माणूस भला, पण बोलायचाही घड्याळासारखाच, तासातून एकदा. लॉण्ड्रीत जागा निघाली तेव्हा दादाच मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "बहीण आहे माझी. कामात कसूर झाली तर मला विचारा," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून दुपारचा डबा दोघं मिळून बॉयलरघरातल्या बाकावर खात. वहिनी वारल्यावर दादाचाही डबा मावशीच आणू लागली. चाळिशी ओलांडलेली बाई, मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली, पण दादाच्या तोंडी ती अजून 'चिमी'च होती. जेवताना त्याचा एक डोळा कायम प्रेशरच्या काट्यावर.

"बोलताना जरा माझ्याकडे बघ की," ती म्हणायची.

"तुझं प्रेशर चढलं तर तू ओरडून सांगशील. याला बिचाऱ्याला तोंड नाही."

त्या बॉयलरमध्ये काळं, जाड तेल जळायचं. दादाच्या नखांमधून ते कधी गेलंच नाही. छातीतूनही गेलं नसावं, कारण त्याला खोकला होता. सकाळी सगळी धुलाईयंत्रं एकदम सुरू झाली, स्वयंपाकघरानेही वाफ मागितली, की बॉयलरची दमछाक व्हायची. मग दादा व्हॉल्व्ह फिरवत, तेल वाढवत इकडून तिकडे धावायचा, आणि भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू यायचा. मावशी चादरी यंत्रात कोंबता कोंबता तो ऐकत राहायची. कधी कधी मुद्दाम एखादं यंत्र उशिरा लावायची. मग सुपरवायझर बोलायचा, ते ती निमूट ऐकून घ्यायची.

एके दिवशी नोटीसबोर्डावर एक हिरवा कागद लागला. इस्पितळाने 'हरित साथी' म्हणून एक गट काढला होता. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत कुणीही सामील व्हावं, जिथे काही वाया जात असेल ते सांगावं, उपाय सुचवावा. चांगली सूचना असेल ती अमलात आणून बघू, आणि वर्षाअखेरी ज्याचं काम उठून दिसेल त्याचा सगळ्यांसमोर सत्कार. गटाच्या प्रमुख होत्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. स्वयंपाकघरातला आचारी म्हणाला, "मीटिंग या घेणार म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत सगळे गाढ झोपणार."

मावशीने कागद वाचला आणि सोडून दिला. डबा खाताना दादाने विषय काढला.

"जा की तू. चहा-बिस्किटं तर मिळतील."

"आणि बोलू काय त्या डॉक्टरांसमोर?"

"रोज माझ्यासमोर बोलतेस तेच. सगळं जग उकळून काढता म्हणून कुरकुरतेस ना? ते तिथे सांग."

ती खरंच तसं कुरकुरायची. ऑपरेशनच्या खोलीतली रक्ताची चादर असो की ऑफिसातल्या खिडकीचा पडदा, लॉण्ड्रीत सगळं उकळत्या पाण्यात जायचं. पूर्वी कुणीतरी तसं ठरवलं होतं आणि ते तसंच चालत आलं होतं.

ती गेली. पहिल्या मीटिंगला भिंतीकडेला बसली आणि चहा थंड होईपर्यंत कपाला हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंनी एकेकाला विचारलं. तिची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "पडद्यांना कसला आजार झालाय, बाई? तेही आम्ही उकळतो." सगळे हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या, आणि मग म्हणाल्या, "मावशी, हे जरा सविस्तर सांगा."

पुढे जे झालं त्यात अनेकांचा हात लागला. जंतुसंसर्गावर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टरने कुठले कपडे गरम पाण्यातच गेले पाहिजेत आणि कुठले गार पाण्यात चालतील ते तपासून ठरवून दिलं. वॉर्डावॉर्डात लाल आणि निळ्या पिशव्या आल्या. लाल उकळायच्या, निळ्या गार पाण्यात. सुरुवातीला नुसता गोंधळ. एका डॉक्टरांचा घरचा लोकरी कोट चुकून लाल पिशवीत गेला आणि आखडून बाहुलीचा होऊन आला. पण हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. मावशी जेवणाची सुट्टी संपली की वॉर्डातून फिरून आयांना समजावायची. न चिडता, पुन्हा पुन्हा. घसा बसायचा तिचा.

आणि सकाळची ती धावाधाव थांबली. बॉयलरला दम खायला वेळ मिळू लागला. एकदा ती सकाळीच डोकावली तर दादा बाकावर आरामात बसला होता, हातात चहाचा ग्लास.

"चिमे, नोकरीला लागल्यापासून सकाळचा चहा गरम प्यायलो तो आत्ता. काय जादू केलीस गं?"

कुणी काही म्हणो, तिला पृथ्वी-बिथ्वी काही वाचवायची नव्हती. तिला तो ग्लास असा त्याच्या हातात बघायचा होता. तिचं सगळं हरित काम एवढंच होतं.

वर्ष सरत आलं. सत्कारासाठी नाव दुसऱ्याने सुचवायचं असा नियम होता. दादाने तिला न सांगता केस विंचरले, स्वच्छ शर्ट घातला आणि डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. "लॉण्ड्रीतल्या मावशीचं नाव माझ्याकडून घाला. मी भाऊ आहे म्हणून सांगत नाही. म्हणजे, भाऊ तर आहेच, पण तिने केलंय खरंच." डॉक्टरीणबाईंनीच नंतर हे तिला सांगितलं. मावशी लटकीच रागावली, "लोक काय म्हणतील, भावाने बहिणीचं घोडं पुढे दामटलं." पण त्या दिवशी घरी जाताना तिने नवऱ्याला तीनदा तीच गोष्ट ऐकवली.

कार्यक्रम दुपारी मोठ्या सभागृहात होता. नवऱ्याने दुकान बंद ठेवलं. दादा तिसऱ्या रांगेत बसला होता, नखं घासून घासून लाल केलेली. मावशीचं नाव पुकारलं तेव्हा लॉण्ड्रीतल्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. ती पायऱ्या चढली, संचालकांनी तिच्या हातात काचेचं एक हिरवं पान ठेवलं. ते इतकं जड होतं की तिने दोन्ही हातांनी धरलं. मग संचालक माइकपाशी गेले.

या मावशींच्या सूचनेमुळे, ते म्हणाले, वाफेची गरज इतकी कमी झाली आहे की एवढा मोठा बॉयलर चालवण्याचं आता कारणच उरलेलं नाही. पाणी तापवायला छपरावर सौर पॅनेल बसतील, शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायला विजेची लहान यंत्रं येतील. "येत्या वर्षी आपलं बॉयलरघर कायमचं बंद होणार आहे. आपल्या धुराड्यातून धूर निघायचा थांबेल, आणि त्याचं सगळं श्रेय यांना आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीला आधी शब्द ऐकू आले, अर्थ मागाहून आला. तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. दादा टाळ्या वाजवत होता. हात उंच धरून, कुणालाही दिसावेत असे. बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या तरी त्याच्या थांबल्या नाहीत. शेवटी शेजारच्याने त्याच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा त्याने हात मांडीवर ठेवले आणि ते तिथे कसे आले हे न कळल्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिला.

फोटोच्या वेळी कुणीतरी ओरडलं, "मामा, तुम्हीही या, भाऊबहीण एकत्र!" तो आला, तिच्या शेजारी उभा राहिला. ती कुजबुजली, "दादा, मला..." तो म्हणाला, "कॅमेऱ्याकडे बघ."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली. दोघं नेहमीसारखी बसली. तिने डबा उघडून मध्ये ठेवला.

"मला खरंच माहीत नव्हतं, दादा."

"ते कळतं मला."

"मी सांगते त्यांना जाऊन. ते पान परत देते."

"आणि काय सांगशील? पुन्हा सगळं उकळायला लागा?"

बॉयलर मंद घुमत होता.

"तू सांगितलंस त्यात वावगं काय होतं?" दादा म्हणाला. "मला पटलं होतं. मीच तुला पाठवलं. नाव मीच दिलं. तू चूक केली असतीस ना, तर तुझ्याशी कडाकडा भांडलो असतो. महिनाभर बोललो नसतो, मग बोललो असतो. आता कुणाशी भांडू?"

तिने न संपलेला डबा बंद केला.

ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, मला वाटलं अभियंत्यांनी मामांना केव्हाच सांगितलं असेल." अभियंत्यांना वाटलं होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं असेल. संचालकांना वाटलं होतं, भाऊबहीण आहेत म्हणजे घरात बोलणं झालंच असणार. कुणाच्या मनात पाप नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी धावपळ करून दादाला सौर पॅनेलच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तो गेला, वही घेऊन पुढच्या बाकावर बसला. आठवडा भरायच्या आत परत आला.

"का रे?"

"तिथे करण्यासारखं काही नाहीच. ऊन पडलं की ते आपलं आपण चालतं. चांगलंय. पण त्याला माणूस कशाला?"

नोकरी गेली नाही, हे खरं. इस्पितळाने त्याला फाटकावर पहारेकरी म्हणून घेतलं, पगार तोच ठेवला. सगळे म्हणाले, बरं झालं, आता बसून काम. बॉयलर बंद करायचा दिवस आला तेव्हा त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकदम विझवला तर आतल्या विटा तडकतात म्हणून तो दिवसादिवसाने आच कमी करत गेला. ज्या बॉयलरला भंगारवाले तोडून नेणार होते, त्याच्या विटा तडकू नयेत म्हणून. मावशी भिंतीच्या अलीकडे होती. एका सकाळी तिने भिंतीला हात लावला तर ती इतर कुठल्याही भिंतीसारखी होती. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं, खोकलासुद्धा नाही. ती तशीच कामाला लागली, आणि निळ्या पिशवीतल्या चादरी लालमध्ये गेल्या, पुन्हा सगळ्या उपसाव्या लागल्या.

फाटकावरच्या खोलीत एकच स्टूल मावायचं. ती डबा घेऊन जायची, तो म्हणायचा, "ठेव तिथे, मग खातो." बाजूला गाड्या हॉर्न वाजवत असायच्या. ती उभ्या उभ्या दोन गोष्टी बोलायची आणि परत यायची. पुढे पुढे तो म्हणू लागला, "उगाच कशाला हेलपाटा, येताना मीच घेऊन येत जाईन काहीतरी."

आणि संध्याकाळी त्याहून वाईट. सुटताना कामगारांच्या पिशव्या तपासायच्या, लॉण्ड्रीवाल्यांच्या तर जरूर, कारण चादरी चोरीला जात. पहिल्या दिवशी मावशी रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली. तिला वाटलं, तो हसून जाऊ देईल. त्याने इतरांची पाहिली तशी तिची पिशवी उघडून आत पाहिलं. रिकामा डबा, पाण्याची बाटली, एक रुमाल. "चला मावशी, पुढे," तो म्हणाला. मागे वीसेक माणसं होती, सुपरवायझर होता, बहिणीला सोडलं तर चार जण बोलले असते. हे सगळं तिला कळत होतं. पण 'मावशी' हा शब्द ती घरापर्यंत नुसता कानात घेऊन चालत गेली. त्या रात्री नवऱ्याने विचारलं, "जेवायचं नाही?" ती म्हणाली, "तो मला चिमी नाही म्हणाला." नवऱ्याने तिचं ताट झाकून ठेवलं.

दादाचा मुलगा दूरच्या शहरात कामाला होता. तो कधीपासून बोलावत होता, आणि दादा कधीपासून टाळत होता. त्या वर्षी त्याने टाळलं नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली, राहती खोली रिकामी केली. मावशी आवराआवर करायला गेली तर तसं आवरण्यासारखं काही नव्हतंच. निघताना तो म्हणाला, "स्वतःला खात बसू नकोस. तू केलंस ते बरोबरच होतं." त्याने हे इतक्या मायेने म्हटलं, की ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

धुराडं पाडलं. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर आता काजळीचे ठिपके पडत नाहीत. मुलांच्या वॉर्डाच्या खिडक्या दिवसभर उघड्या असतात. मावशीला हे दिसतं, आणि ते चांगलं आहे हेही तिला पटतं. ती गटातून बाहेर पडली नाही. फक्त कुणी नवी कल्पना मांडली की ती विचारते, "हे काम आज कोण करतं? त्याच्याशी बोललात का?" पहिल्यांदा सगळे मान हलवायचे. आता कधी कधी कुणीतरी उसासा टाकतं. एकदा कागदी केसपेपर बंद करायचं ठरलं, तेव्हा तिने असं विचारल्यामुळे फायली शिवणाऱ्या म्हाताऱ्याला आधी बोलावून बसवलं, त्याचं ऐकून घेतलं. तेवढं झालं. मीटिंग लांबली म्हणून दोन जण वैतागले.

काचेचं पान तिने सुरुवातीला कपाटात कपड्यांखाली ठेवलं होतं. पुढे नवऱ्याने ते कुठेतरी हलवलं. कुठे, ते तिने विचारलं नाही.

गेल्या वर्षी ती दादाला भेटायला गेली. भाच्याचं घर उंच इमारतीत होतं. सून चांगली होती, चहा करून देऊन आपल्या कामाला लागली. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. अंगाने भरला होता, नखं स्वच्छ पांढरी. ती आल्यापासून तो एकदाही खोकला नाही. तिने ते मनाशी नोंदलं आणि तिला आनंद व्हायला हवा होता तेवढा झालाही.

"लॉण्ड्री कशी आहे?" त्याने विचारलं.

"चाललीय. नवीन यंत्रं आली."

"आवाज करतात?"

"नाही फारसा."

"चांगलंय."

मग गाडीच्या वेळा, भाच्याचं ऑफिस, तिच्या मुलीची तब्येत. तो सगळं आपुलकीने विचारत होता, शेजारघरच्या बाईला विचारावं तसं. ती वाट बघत होती. त्याने चिडावं, एकदा तरी म्हणावं की तुझ्यामुळे मी इथे या खिडकीत बसलोय. तसं काही झालं नाही. बोलता बोलता त्याचा डोळा लागला. ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग त्याच्या पायावर पांघरूण टाकून, सुनेला सांगून निघाली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शहर मागे पडलं आणि तिला रडू आलं, ते काही केल्या थांबेना. शेजारच्या अनोळखी बाईने तिच्या हातावर हात ठेवला.

"कोण गेलं, ताई?"

"कुणी नाही हो," मावशी म्हणाली. "भाऊ आहे. बरा आहे तो."

त्या बाईला काही कळलं नाही, पण तिने हात काढला नाही. बस पुढच्या थांब्यावर थांबली, माणसं चढली-उतरली, आणि कंडक्टरने दोघींचं तिकीट विचारलं.